उघाडी

(द्वितीय वर्ष, कला)

आईबापांकडून आपल्याला काय काय मिळतं याची यादी करायला बसलं, की आधी नाक-डोळे आठवतात, मग आडनाव, मग घर-जमीन, आणि सगळ्यात शेवटी स्वभाव. पण मिळालेलं सगळं हाताला लागतंच असं नाही. काही वस्तू घरात असतात, आपल्याच असतात, आणि तरीही आपला हात तिथवर पोचत नाही. ही गोष्ट मला एखाद्या कवितेनं शिकवली असती तर मराठीची विद्यार्थिनी म्हणून मी मुकाट्यानं मान डोलावली असती. पण मला ती शिकवली जावानं!

आमच्या गावात 'जावा' म्हटलं की एका चुलीच्या दोन चुली करणाऱ्या बायका डोळ्यांपुढे येतात. आईला मी म्हटलं, "मी जावा शिकते आहे," तर ती म्हणाली, "त्या लग्न झाल्यावर आपोआप येतात, त्याला फी कशाला?" मी सांगते ती जावा म्हणजे संगणकाची एक भाषा. तिला व्याकरण आहे, तिच्यात वारसा आहे, आणि कुणी कुणाच्या घरात किती आत यावं याचे कडक नियमही आहेत. तेव्हा आईचा अर्थ अगदीच गैरलागू होता असं नाही.

कॉलेजच्या संगणक विभागानं सुट्टीत सर्व शाखांसाठी एक वर्ग घेतला. कलाशाखेच्या आम्ही नऊजणी गेलो. दुसऱ्या आठवड्यात तिघी उरलो. मी टिकले, कारण माझी फी आईनं भिशीच्या पैशांतून भरली होती आणि भिशीचे पैसे वाया घालवणं आमच्या घरात पाप समजतात.

या भाषेचा इतिहास थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉसलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. आधी तिचं नाव होतं 'ओक', म्हणजे एक झाड. पुढं कॉफीवरून 'जावा' हे नाव पडलं आणि १९९५ साली ती लोकांपुढे आली. पण वारशाची कल्पना त्याहून जुनी. नॉर्वेत ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन निगोर यांनी १९६७ सालच्या 'सिम्युला ६७' या भाषेत ती प्रथम आणली. एकदा लिहिलेलं पुन्हा पुन्हा लिहू नये, जुन्याच्या पायावर नवं उभं करावं, ही त्यामागची भावना. आमच्याकडे जुन्या घराच्या जोत्यावर नवं घर बांधतात, तसंच म्हणा ना.

आता या भाषेत 'क्लास' म्हणजे आराखडा. घराचा नकाशा आणि प्रत्यक्ष घर यांत जो फरक, तो क्लास आणि ऑब्जेक्ट यांत. एका क्लासपुढे 'एक्स्टेंड्स' हा शब्द लिहून दुसऱ्याचं नाव लिहिलं, की पहिला दुसऱ्याचा वारस होतो. आईच्या क्लासमध्ये जी माहिती आणि जी कामं, म्हणजे मेथड, लिहिलेली असतात, ती लेकीत पुन्हा लिहावी लागत नाहीत. पण सगळी? नाही. इथेच खरी गंमत आहे.

प्रत्येक वस्तूला दार असतं, आणि ते दार किती उघडं ठेवायचं हे एका शब्दानं ठरतं. 'प्रायव्हेट' लिहिलं तर ती वस्तू त्या क्लासबाहेर कुणालाही दिसत नाही, पोटच्या लेकीलाही नाही. 'पब्लिक' लिहिलं तर गावजत्रेसारखं, कुणीही यावं. 'प्रोटेक्टेड' म्हणजे आपल्या पॅकेजमधल्या सर्वांना आणि वारस कुठंही असले तरी त्यांना. आणि काहीच लिहिलं नाही तर? तर ती वस्तू फक्त पॅकेजपुरती. पॅकेज म्हणजे एकत्र ठेवलेल्या क्लासांचा गट. सर म्हणाले, "पॅकेज म्हणजे वाडी समजा." मी वहीत लिहिलं: पॅकेज म्हणजे गाव. दारं चार आणि शब्द मात्र तीनच! चौथ्याला शब्दच नाही. गावकीचे नियम कुठं लिहिलेले असतात?

माझं गाव तळवली. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता आणि त्यापलीकडे कारखाने, पश्चिमेला ठाण्याची खाडी, मध्ये आम्ही. आता चारी बाजूंनी इमारती उठल्या आहेत आणि शेजारच्या घणसोली स्टेशनातून गाडी पकडून मी कॉलेजला येते. पण आजीच्या तोंडून जे गाव ऐकलं ते भाताचं, मिठाचं आणि निवट्यांचं. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा बांध घालत आणि त्या बांधाला एक लाकडी दार ठेवत. त्याला म्हणत उघाडी. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबानं उघाडी उघडे आणि पावसाचं साचलेलं पाणी बाहेर जाई. भरती आली की खाडीच्याच रेट्यानं ती मिटे. आतलं बाहेर जायचं, बाहेरचं आत यायचं नाही. एकदा का खारं पाणी आत शिरलं की भात गेलं.

वर्गात सरांनी सांगितलं की प्रायव्हेट माहिती बाहेर दाखवायची असेल तर एक पब्लिक मेथड लिहायची. तिला 'गेटर' म्हणतात. ती माहितीची किंमत बाहेर सांगते. पण बदलणारी मेथड, म्हणजे 'सेटर', लिहिलीच नाही, तर बाहेरच्याला माहिती वाचता येते, बदलता येत नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे उघाडी उभी राहिली. आमच्या आजोबांनी संगणक पाहिला नव्हता, पण गेटर असलेलं आणि सेटर नसलेलं दार त्यांना सुताराकडून करून घेता येत होतं!

आता यादीतल्या त्या हाताला न लागणाऱ्या वस्तूंकडे येते. सरांनी फळ्यावर एक क्लास लिहिला, त्यात एक प्रायव्हेट वस्तू ठेवली, खाली दुसरा क्लास लिहून तो पहिल्याचा वारस केला, आणि विचारलं, "ही वस्तू लेकीत आहे की नाही?" अर्धा वर्ग म्हणाला आहे, अर्धा म्हणाला नाही. सर म्हणाले, "दोघंही बरोबर!" भाषेच्या नियमानं प्रायव्हेट वस्तू वारशात येत नाही, लेकीच्या क्लासमध्ये तिचं नाव घेतलं की प्रोग्राम चालण्याआधीच संगणक अडवतो. पण लेकीचा ऑब्जेक्ट तयार होतो तेव्हा संगणकाच्या स्मृतीत त्या वस्तूसाठी जागा राखलेली असते. ती वस्तू लेकीच्या पोटात असते. फक्त लेकीला तिचं नाव घेता येत नाही. आईनं एखादी मेथड उघडी ठेवली असेल तर तिच्या वाटेनंच तिथं पोचायचं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण माझ्यात अशा किती वस्तू आहेत हे मी मोजत होते. आजी आगरी बोलते. मला ती सगळी समजते, पण माझ्या तोंडून ती सरळ निघत नाही. शाळेनं जीभ वळवली ती वळवलीच. आजीला लग्नातले धवले येत. धवलारीण आजारी पडली तर लोक आजीला बोलावून नेत. तो सूर माझ्या कानात कुठंतरी आहे, गळ्यात नाही. गॅदरिंगला मी एकदा आगरी उतारा म्हटला आणि टाळ्या पडल्या. आजी ऐकून हसली आणि म्हणाली, "बरा बोललीस, पन ता आपला नाय." जावातही अगदी असंच आहे. आईच्या प्रायव्हेट मेथडच्याच नावाची मेथड लेकीनं लिहिली तरी ती आईच्या मेथडची नवी आवृत्ती ठरत नाही. नावाशिवाय दोघींचा संबंध नसतो. आईचं काम आतल्या आत आईच्याच पद्धतीनं चालू राहतं.

आणि बाबांचं मौन! ते तर प्रायव्हेटमधलं प्रायव्हेट. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात आल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण तालुक्यात जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्यातून पुढं संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे सगळं मी पुस्तकांतून आणि गावातल्या भाषणांतून शिकले. आजोबा त्या आंदोलनात होते, बाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते, आणि आमच्या घरात या विषयावर एक वाक्यही मी कधी ऐकलं नव्हतं.

आता आत्याविषयी सांगायला हवं. माझी आत्या १९८९ साली उरण तालुक्यातल्या एका गावात दिली. 'दिली' हा शब्द मी मुद्दाम वापरते. आमच्याकडे तोच वापरतात. पॅकेज बदललं! आणि जावात पॅकेज बदललं की काय होतं? ज्या वस्तूंपुढे काहीच लिहिलेलं नाही, त्या सगळ्या जातात. वारस असली तरी जातात. आत्याचंही तसंच झालं. गावदेवीच्या जत्रेतला तिचा मान गेला, विहिरीवरची जागा गेली, गावकीत तिचं नाव उरलं नाही. हे कुणी तिच्याविरुद्ध लिहिलं नव्हतं. काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणूनच गेलं.

लिहिलेलं काय होतं ते मी नंतर वाचलं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. बाप मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या स्वतःच्या वाट्यात मुलगी ही मुलगा, विधवा आणि आई यांच्या बरोबरीनं पहिल्या वर्गाची वारस. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मानं हक्क फक्त मुलांना. १९९४ साली महाराष्ट्रानं तो मुलींनाही दिला. मात्र कायदा लागू होण्याआधी जिचं लग्न झालं ती वगळली. म्हणजे पॅकेजबाहेर गेलेली वारस नाही! ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट राहिली नाही. मुलगी लग्नाची असो वा लग्न झालेली, जन्मानंच मुलाइतकी हक्कदार झाली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. हा सगळा प्रवास मला जावाच्या भाषेत एका ओळीत सांगता येतो: ज्या दारावर काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यावर देशानं 'प्रोटेक्टेड' लिहायला जवळजवळ पन्नास वर्षं घेतली.

प्रोटेक्टेडची आणखी एक खुबी आहे. वारस दुसऱ्या पॅकेजमध्ये असली तर प्रोटेक्टेड वस्तू तिला मिळते, पण स्वतःच्या नावानं. आपल्या किंवा आपल्या लेकींच्या ऑब्जेक्टमधून ती वस्तू घेता येते. भावंडाच्या ऑब्जेक्टमध्ये हात घालून घेता येत नाही. सरांनी हे समजावायला पाऊण तास घेतला. मी मनात म्हटलं, हे तर आत्याला एका वाक्यात समजेल. भावाच्या ताटातलं नको, माझ्या पानातलं द्या.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी कागद आला. आजोबांच्या नावाच्या भूखंडाची वाटणी व्हायची होती आणि त्याआधी आत्याची सही हवी होती. कागदाचं नाव हक्कसोडपत्र. आत्या आली, नेहमीसारखी पिशवीभर सुकट आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन. काका म्हणाले, "दोन मिनिटांचं काम आहे." पेन पुढं केलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. "बाय, तू कॉलेजात जातंस ना? मना वाचून दाव."

इथं एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. आत्यानं सही केली असती तर आमचा वाटा मोठा झाला असता. माझं पुढचं शिक्षण, दादाचा टेम्पो, गळकं छप्पर, सगळं त्या वाट्यात होतं. आणि मी पटकन एखाददुसरी ओळ वाचून थांबले असते, तर कुणीही काही म्हटलं नसतं. मी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. 'स्वखुशीने', 'कोणत्याही दडपणाशिवाय', 'कायमस्वरूपी' हे शब्द आले तिथं थांबून त्यांचा अर्थ सांगितला. काही मोबदला लिहिला आहे का, असं तिनं विचारलं. नाही, असं मी सांगितलं. सही नोंदणी कार्यालयात झाली की कागद नुसता कागद राहत नाही, हेही सांगितलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

आत्यानं कागदाची घडी केली आणि सुकटीच्या रिकाम्या पिशवीत ठेवली. "इचार करते," म्हणाली. चहा घेऊन ती गेली. सही अजून झालेली नाही. काका आमच्या ओट्यावर बसायचे बंद झाले आहेत. आई चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मला तिचा राग येत नाही. तिनं स्वतः तिच्या माहेरी असा कागद एका मिनिटात सही करून दिला होता, आणि त्या बदल्यात दर दिवाळीला तिला साडी मिळते.

बाबा मात्र काहीच बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी एका रात्री कामावरून आले, कपाटावरची पत्र्याची पेटी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. आत जुने सातबारा, फेरफार, संपादनाच्या नोटिसा, आजोबांचे अंगठे. "तुला वाचता येतं," एवढंच म्हणाले. मी एकेक कागद वाचत गेले आणि मध्येच बाबा बोलू लागले. १९८४ च्या त्या रात्री आजोबा घरी आले नव्हते. आजी उंबऱ्यात बसून होती. सकाळी आजोबा चिखलानं माखलेले आले, आंघोळ न करता शेतावर गेले आणि उघाडी नीट आहे का ते पाहून आले. जमीन कागदोपत्री गेली होती, तरी! बाबांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ही मेथड उघडली. किती सांगायचं ते त्यांनीच ठरवलं, आणि मी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही.

वाचकहो, दृष्टांत कुठं थांबतो हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर आमचे तर्कशास्त्राचे सर मला माफ करणार नाहीत. जावात एका क्लासला एकच थेट पालक असतो. माणसाला दोन असतात, आणि दोघांची मौनं वेगळी. जावात कितीही वारस झाले तरी पालकाचं काही कमी होत नाही. जमीन वाटली की तुकडे होतात, आणि भूखंडाच्या तुकड्यावर घर उभं राहत नाही. काकांचा राग मला समजतो तो याचमुळे. वारसा हा नुसता हक्काचा प्रश्न असता तर सोपा होता. तो कमी पडणाऱ्या वस्तूचाही प्रश्न आहे.

तरी एक नियम मी जावाकडून कायमचा घेतला आहे. आईची मेथड लेकीला आपल्या पद्धतीनं पुन्हा लिहिता येते. पण लिहिताना दार अधिक उघडं करता येतं, अधिक बंद करता येत नाही. प्रोटेक्टेडचं पब्लिक चालतं. पब्लिकचं प्रायव्हेट केलं की प्रोग्राम पुढं सरकतच नाही. कारण साधं आहे. जिथं आई चालते तिथं लेकही चालली पाहिजे. आईच्या भरवशावर जो दारात आला, त्याला लेकीनं परत पाठवायचं नाही.

आमच्या घरात पदवी हा शब्द माझ्यामुळे पहिल्यांदा येतो आहे. आजी शाळेत गेली नाही, पण तिचा ओटा पब्लिक होता; पाणी प्यायला, भांडण मिटवायला, धवले शिकायला कुणीही यावं. मी दोन पुस्तकं जास्त वाचली म्हणून त्या ओट्याला दार लावलं, तर ते वारशाच्या नियमात बसणार नाही. उद्या माझं लग्न होईल, माझ्याही पुढं तो कागद येईल, आणि मी काय करीन ते आज सांगण्यात अर्थ नाही. दादावर माझा जीव आहे. पण मी तो वाचून मग ठरवीन, आणि वाचताना दादालाही शेजारी बसवीन.

आत्याची गोष्ट गल्लीत पसरली. आता रविवारी सकाळी कुणी ना कुणी कागद घेऊन येतं. कुणाची बँकेची नोटीस असते, कुणाचा फेरफार, कुणाच्या सुनेचं हक्कसोडपत्र. परवा एक म्हातारी आली. तिच्याकडे कागदच नव्हता. तिला फक्त विचारायचं होतं, की कागद आला तर मी घरी असेन ना?